गाण्याचे वेड आणि ऐकण्याची यंत्रे : तुमच्याकडे हे कसे घडले?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडते आहे. माझे ऐकणे सुरू झाले ते फळीवर ठेवलेल्या एका लहान रेडिओवर. त्याचा स्पीकर तळहाताएवढाही नव्हता, पण ख्याल, भजन, सुगम संगीत, जे लागेल ते मी त्याच्याजवळ सरकून ऐकत असे. पुढे कॅसेट आल्या, मग सीडी आल्या, आणि एवढ्या काळात यंत्राकडे माझे कधी लक्षही गेले नाही.

हे बदलले ते एका हेडफोनमुळे. एका स्नेह्यांनी त्यांचा चांगला हेडफोन काही दिवसांसाठी दिला आणि वीस वर्षे ऐकत आलेला एक विलंबित ख्याल मी त्यावर लावला. ज्या तानपुऱ्याची मला मागे चालणारी एकसंध गुंजन एवढीच ओळख होती, त्याच्या चारही तारा सुट्या ऐकू आल्या : पंचम, मग जोडाच्या दोन, मग खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज. डावीकडे एक तानपुरा होता, उजवीकडे दुसरा, आणि दोघांचे छेडणे एकाच वेळी होत नव्हते. मुखडा उचलण्याआधी गायकाने घेतलेला श्वासही ऐकू आला. ते ध्वनिमुद्रण मी त्या दिवशी लागोपाठ तीनदा ऐकले. तिथून जे सुरू झाले, ते आज टर्नटेबल, अँप्लिफायर आणि स्टँडवर ठेवलेल्या दोन स्पीकरांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

आता प्रश्न. गेल्या आठवड्यात मी दोन कार्ट्रिजची, म्हणजे टर्नटेबलवर सुई धरून तिच्या हालचालीचा विद्युतसंकेत करणाऱ्या भागांची, तुलना करत होते. त्यासाठी एका बंदिशीची पहिली चाळीस सेकंदे नऊ-दहा वेळा ऐकली, आणि संध्याकाळी उठताना लक्षात आले की ती बंदीश मी एकदाही पूर्ण ऐकलेली नाही. मला याचे फार वाईट वाटले. तुमच्या बाबतीत हा छंद तुम्हांला गाण्याच्या जवळ घेऊन गेला की दूर? आणि यंत्रामुळे एखादी नवी गोष्ट ऐकू आली, असा पहिला क्षण तुम्हांला आठवतो का?

जाता जाता एक अडचणही विचारते. नव्या स्पीकरांवर, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले की तानपुऱ्याचा खर्ज पोकळ वाटतो. उठून दारापाशी गेले की तोच खर्ज भरदार लागतो. अँप्लिफायर कमी पडतो आहे का?

कंपनसंख्या

अँप्लिफायर बदलू नका. आधी खोलीची लांबी किती, खुर्ची मागच्या भिंतीपासून किती अंतरावर आहे आणि ज्या गायकाचे ध्वनिमुद्रण ऐकता त्यांचा स्वर कोणता, एवढे सांगा.

जुनी_तबकडी

मंद्रसप्तक, विषय जिव्हाळ्याचा काढलात. माझा प्रवास उलट दिशेने झाला. मला आधी तबकड्या मिळाल्या आणि त्या वाजवता याव्यात म्हणून यंत्राच्या मागे लागावे लागले. घरातल्या एका पेटीत मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या निघाल्या. मी मोठ्या उत्साहाने टर्नटेबल आणले, ते अँप्लिफायरच्या साध्या इनपुटला जोडले आणि जो काही क्षीण, किरटा आवाज आला तो ऐकून तबकड्याच झिजल्या आहेत असे ठरवून त्या जवळजवळ वर्षभर बंद करून ठेवल्या.

दोन चुका होत्या, आणि दोन्ही कळायला वाचावे लागले. कार्ट्रिजमधून निघणारा विद्युतसंकेत फार दुबळा असतो. चुंबक हलणाऱ्या प्रकारात तो साधारण पाच मिलिव्होल्ट असतो. शिवाय तबकडी कापतानाच खालचे स्वर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. खालचे स्वर पूर्ण जोमाने कापले तर खाच इतकी रुंद होईल की तबकडीवर मिनिटे मावणार नाहीत, आणि वरचे उचलून कापले की वाजवताना ते खाली आणतेवेळी खरखरही त्यांच्याबरोबर खाली जाते. ही उलटापालट सरळ करण्यासाठी फोनो प्रीअँप लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. दुसरी चूक सुईची होती. एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी जाऊन घासते आणि तळातली सारी घाण वाजवते. ७८साठी टोकाला साधारण तिप्पट जाड सुई लागते. ती बसवली, आणि खरखरीच्या मागे दडलेला आवाज पुढे आला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. त्या वेळात गायकाने राग उभा केला, बंदीश मांडली, ताना घेतल्या आणि समेवर आणून सोडले. १९२५ मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येईपर्यंत तर समोर मायक्रोफोनही नव्हता; कर्ण्यात तोंड घालून, पट्टी आणि अंतर सांभाळून गावे लागे, कारण सुई हलवण्याचे सगळे बळ गळ्यातूनच यायचे. हे कळल्यानंतर त्या गाण्याकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. मी यंत्र शिकलो नसतो तर ती पेटी आज भंगारात गेली असती. म्हणून माझे उत्तर ‘जवळ’ असे आहे.

रियाजी

मी थोडे वेगळे मत मांडते, कृपया राग मानू नये. मी गेली पंचवीस वर्षे गाणे शिकते आहे आणि माझे बहुतेक ऐकणे फोनवर आणि एका जुन्या टेपरेकॉर्डरवर होते. मला जे हवे असते ते तिथे मिळते : स्वर कुठून उचलला, आंदोलन किती दिले, बोल लयीत कसे बसवले. ज्याला रागाची ओळख आहे, त्याचे मन आवाजातल्या उणिवा आपोआप भरून काढते. माझ्या ओळखीच्या कितीतरी उत्तम कलावंतांकडे अगदी साधी यंत्रे आहेत, आणि त्यांच्याइतके बारकाईने ऐकणारे मी दुसरे कोणी पाहिलेले नाहीत.

चाळीस सेकंदे दहा वेळा ऐकणे मीही करते, पण ते एखादी हरकत गळ्यात उतरावी म्हणून. तेच ऐकणे दोन सुयांमधला फरक शोधण्यासाठी असेल, तर त्या वेळी आपण गायकाला ऐकत नसतो, त्याच्या आवाजाचा मोजपट्टीसारखा उपयोग करत असतो. मंद्रसप्तक यांना वाईट वाटले, ते बरोबरच वाटले असे मला वाटते.

एकच खंत मात्र माझीही आहे. माझ्या गुरूंच्या तालमीच्या अकरा कॅसेट आहेत, आणि त्यांतला आवाज घोंगडीखालून आल्यासारखा झाला आहे. तिथे माझे मनही काही भरून काढू शकत नाही. फिती जुन्या झाल्या, आता इलाज नाही, असे मी धरून चालले आहे.

मंद्रसप्तक

रियाजी, तुमचे म्हणणे मनाला लागले, आणि त्यावर विचार करून लिहीन.

कंपनसंख्या : लांबी साडेसोळा फूट. स्पीकर एका आखूड भिंतीकडे आहेत आणि माझी खुर्ची समोरच्या भिंतीपासून बरोबर चार फुटांवर आहे. गायकांचा स्वर काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी).

कंपनसंख्या

वाटले होते तसेच निघाले. काळी एकचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपने), म्हणजे खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर आहे, म्हणून ६९ हर्ट्झची एक लाट जवळजवळ पाच मीटर लांब असते. साडेसोळा फूट म्हणजेही पाच मीटर. तुमच्या खोलीच्या लांबीत खर्जाची एक अख्खी लाट तंतोतंत मावते, ती दोन्ही भिंतींवरून परतून स्वतःवरच आदळते आणि खोलीत जागच्या जागी उभी राहते. दोन्ही भिंतींपाशी आणि मधोमध ती जोरात ऐकू येते, आणि दोन्ही टोकांपासून पाव लांबीवर, म्हणजे चार फुटांवर, जवळजवळ नाहीशी होते. तुमची खुर्ची नेमकी त्या जागी आहे. मोठा अँप्लिफायर आणलात तरी सरळ येणारी आणि परतून येणारी अशा दोन्ही लाटा सारख्याच वाढतील आणि त्या जागी एकमेकींना तशाच खोडतील.

खुर्ची दोन-अडीच फूट पुढे घेऊन पाहा. अगदी भिंतीला टेकवू नका, तिथे सगळेच खालचे स्वर फुगतात.

आता यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगतो. तुमच्या बालपणीच्या रेडिओचा स्पीकर ६९ हर्ट्झ वाजवूच शकत नव्हता, तरी तुम्हांला खर्ज खर्जासारखाच लागत होता. तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर निघतात : १३८, २०७, २७६, आणि पाचवा ३४५, जो आपण स्वयंभू गंधार म्हणून ओळखतो. तानपुऱ्याच्या जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तारेला येणाऱ्या झंकारामुळे, हे उपस्वर फारच ठळक असतात. कान त्यांच्यातली अंतरे मोजतो आणि वाजतच नसलेला मूळ स्वर स्वतः उभा करतो. रियाजी म्हणतात ते मनाने भरून काढणे एवढ्या खोलवर चालते. त्यासाठी रागाची ओळखही लागत नाही. चांगल्या स्पीकरवर आणि योग्य जागी बसून मिळतो तो खर्जाचा भार, जो कानाइतकाच छातीत जाणवतो. माझा छंद त्या एका गोष्टीपायी सुरू झाला आणि अजून तिथेच आहे.

शांतरस

खोलीबद्दलचे विवेचन पटले. पण सगळे काही खोलीच ठरवते, असे कंपनसंख्या यांना सुचवायचे असेल तर मी असहमत आहे. मी अँप्लिफायर ते स्पीकर ही केबल बदलली आणि आवाज खुलला. सारंगीचा गज तारेवर घासल्याचे आधी कधी इतके स्पष्ट ऐकू आले नव्हते. मी चाळीस वर्षे ऐकतो आहे, माझ्या कानांवर माझा विश्वास आहे.

कंपनसंख्या

शांतरस, तुमच्या कानांवर माझाही विश्वास आहे. मला शंका आहे ती तुलनेच्या पद्धतीबद्दल. केबल बदलताना जुने काळवंडलेले जोड निघतात आणि नवे घट्ट बसतात. फरक तिथूनही पडू शकतो. एका स्पीकरची लाल-काळी टोके आधी उलट जोडलेली असतील, तर एक स्पीकर ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, खालचे स्वर खोडले जातात आणि गायक मधोमध उभा न राहता खोलीभर विखुरतो. ते तपासून घ्या.

दुसरे, आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे की आवाज बारीक असताना आपल्या कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात. त्यामुळे अगदी थोड्याशा मोठ्या आवाजात वाजलेली गोष्ट आपल्याला ‘मोठी’ न वाटता ‘भरीव’ आणि ‘चांगली’ वाटते. दोन्ही वेळा पातळी मोजून सारखी ठेवा, केबल दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा आणि कोणती लागली आहे ते स्वतःला कळू देऊ नका.

नवखा_श्रोता

धागा फार आवडला. मी नुकतेच टर्नटेबल घेतले आहे. एलपीची एक बाजू संपत आली की ‘स’ आणि ‘श’ फाटल्यासारखे येतात. तबकडी जपावी म्हणून सुईचे वजनही मी अगदी कमी ठेवले आहे. माझे काय चुकते आहे?

जुनी_तबकडी

वजन कमी ठेवणे हेच चुकते आहे, आणि ही चूक प्रेमापोटी होते म्हणून जास्त सांगावीशी वाटते. हलकी सुई खाचेच्या भिंतींना धरून राहत नाही. ती मध्येच उडते, पुन्हा आदळते, आणि हिऱ्याचे टोक प्लॅस्टिकवर आदळले की तेवढी खाच कायमची जाते. कार्ट्रिज बनवणाऱ्याने वजनाची जी मर्यादा दिली असेल, बहुतेक दीड ते अडीच ग्रॅमच्या दरम्यान, तिच्या मधोमध किंवा किंचित वर राहा. वजन मोजण्याचा छोटा काटा मिळतो, तो घ्या.

शेवटच्या भागात आवाज बिघडण्याला मात्र दुसरेही कारण आहे. तबकडी मिनिटाला सव्वातेहेतीसच्या थोड्या वर, एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळजवळ पन्नास सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला फक्त वीस-एकवीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो. म्हणून कार्ट्रिजचा कोन आतल्या बाजूला अचूक जुळवावा लागतो. कागदी मापपट्टी छापून घ्या आणि एक निवांत दुपार त्यासाठी ठेवा.

फीत

इतका वेळ वाचत होतो, पण रियाजी यांच्या अकरा कॅसेटबद्दल वाचल्यावर राहवले नाही. इलाज नाही असे एवढ्यात म्हणू नका.

आधी कॅसेट उजेडात धरून फितीच्या मागे पितळी पट्टीवरचा नमद्याचा लहानसा तुकडा जागेवर आहे का ते पाहा. त्याचा गोंद वाळतो आणि तो गळून पडतो. मग फीत हेडला, म्हणजे यंत्राच्या फीत वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखाच येतो. दुसऱ्या कॅसेटच्या कवचातून तो काढून बसवता येतो, किंवा फीतच चांगल्या कवचात हलवता येते.

तो जागेवर असेल तर शंका कोनाची. टेपच्या हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते आणि ती फितीच्या वाटेशी काटकोनात असावी लागते. तालीम ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याचे हेड किंचित कलते असेल, तर आवाज त्या कलत्या फटीनेच लिहिला गेला आहे, आणि सरळ हेडवर त्याचे वरचे स्वर पुसले जातात. फितीवर ते आहेत, फक्त आपण ते चुकीच्या कोनातून वाचतो आहोत. हेडच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो. ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो कोनाचा. चुंबकत्व नसलेला बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या, डावी-उजवी अशा दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐका आणि तो स्क्रू अगदी हळू, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा, एका दिशेने फिरवा. आवाज आणखी दबला तर उलट दिशेने या. एका जागी ‘स’ची शिट्टी उघडते, तंबोऱ्याची जवारी पुढे येते, आणि थोडे पुढे गेलात की पुन्हा दार लोटल्यासारखे होते. त्या मधल्या जागेवर थांबा. किती फिरवला ते मोजून ठेवा, म्हणजे नंतर पूर्ववत करता येईल.

आणि त्याच वेळी मुद्रण करून घ्या. जुनी फीत पुन्हा पुन्हा वाजवू नये.

संधिप्रकाश

माझे वय ७४. चार हजार हर्ट्झच्या वरचे मला आता फारसे ऐकू येत नाही. तरुणपणी मोठ्या आवाजात तासन्‌तास ऐकले, त्याचाही त्यात वाटा असणार. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा सांगितली जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला ती निम्मी होते, म्हणजे ९४ला एकच तास. हे मला कोणी त्या वयात सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो आहे. हेडफोन वापरणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यावे.

श्रवणयंत्र लावल्यावर बोलणे समजू लागले, पण गाणे बिघडले. तानपुरा थरथरू लागला आणि बासरीचा लांब स्वर मध्येच दबू लागला. यंत्र बंद करून ऐकावे तर व्यंजने हरवत. वर्षभर मी ऐकणे जवळजवळ सोडून दिले होते. मग श्रवणतज्ज्ञांना हे सविस्तर सांगितले, तेव्हा कळले की ती यंत्रे बोलण्यासाठी बेतलेली असतात : बारीक आवाज उचलायचा, मोठा दाबायचा, आणि सलग चालणारा स्वर हा गोंगाट किंवा यंत्राचीच शिट्टी समजून काढून टाकायचा. तानपुरा म्हणजे सलग चालणारा स्वरच. त्यांनी संगीतासाठी या सगळ्या गोष्टी बंद ठेवणारी वेगळी मांडणी करून दिली, आणि बटण दाबले की ती लागते. बासरी परत आली. पूर्वीसारखी नाही, पण आली. या छंदात इतकी वर्षे जे शिकलो ते नसते, तर काय बिघडले आहे हे त्यांना सांगायला माझ्यापाशी शब्दच नसते.

रियाजी

संधिप्रकाश काका, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्या वर्गातल्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीला आजच फोन केला. त्यांनीही याच कारणाने वर्गाला येणे थांबवले होते.

फीत, पुढच्या रविवारी एका मैत्रिणीला सोबतीला घेऊन स्क्रूला हात लावणार आहे.

शांतरस

कंपनसंख्या, तुम्ही सांगितली तशी चाचणी मुलाच्या मदतीने केली. टोके सरळच जोडलेली होती. दहा वेळांपैकी सहा वेळा मी नवी केबल बरोबर ओळखली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही केबल मी तीच ठेवणार आहे, आणि सारंगीबद्दलचे माझे मत बदललेले नाही.

मंद्रसप्तक

खुर्ची अडीच फूट पुढे घेतली. खर्ज परत आला, आणि मी चाळीस सेकंदांवर न थांबता ती बाजू शेवटपर्यंत ऐकली. स्थायी, अंतरा, मग द्रुत. कार्ट्रिजची तुलना मी पुढेही करेन, पण त्यासाठी आता वेगळा वार ठेवला आहे आणि त्या दिवशी आवडती तबकडी लावत नाही. रियाजी, तुमचा मोजपट्टीचा शब्द मनात राहिल्यामुळे हे सुचले.

रियाजी

रविवारी केले. पहिल्या कॅसेटचा नमद्याचा तुकडा गळालेला होता, तो बदलला तरी फरक थोडाच पडला. मग स्क्रू. डावीकडे फिरवल्यावर आवाज आणखी बुडाला म्हणून उलट आले, आणि पाव फेरीच्या आसपास गुरूंचा आवाज एकदम समोर आला. त्यांच्या गळ्यातली खर मी विसरले होते.

तिसऱ्या कॅसेटवर भीमपलासची तालीम आहे. मी कोमल निषाद घेते आहे, आणि मी गात असतानाच मागे, अगदी हळू, ते म्हणतात, “अजून थोडा खाली.” इतकी वर्षे ही कॅसेट ऐकली, पण हे कधी ऐकू आले नव्हते. तो निषाद मी आजही किंचित चढा घेते. काल तानपुरा लावून तो पुन्हा घोटायला बसले.

बाकीच्या आठ कॅसेट वेगळ्या यंत्रावर मुद्रित झालेल्या असाव्यात, त्यांना हा कोन चालत नाही. प्रत्येकीसाठी नव्याने जुळवावे लागेल का?

फीत

हो, प्रत्येकीसाठी, आणि कधी कधी एकाच कॅसेटच्या दोन बाजूंसाठीही. आता सुरुवात कुठून करायची ते सांगतो. प्रत्येक कॅसेटवर आधी स्क्रूच्या किती फेरीवर आवाज उघडला ते चिठ्ठीवर लिहून तिच्या डबीत ठेवा. ज्या दोन-तीन कॅसेटची चिठ्ठी सारखी येईल त्या एका यंत्राच्या. त्या एकत्र उतरवून घ्या. आणि ती तिसरी कॅसेट आता पुन्हा लावू नका. उतरवलेल्या मुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.